सँडविच व शिदोरी

सँडविच व शिदोरी : पावाच्या दोन चकत्यांमध्ये मांस, अंडे, चीज, भाजी किंवा चटणी घालून तयार केलेल्या खाद्यपदार्थास ‘सँडविच’ म्हणतात. ताट-वाटी वा सुरी-काटा यांवाचून तो हातात धरून खाता येतो, बरोबर नेता येतो आणि त्यासाठी चालू काम फार वेळ थांबवावे लागत नाही. ही तिन्ही लक्षणे महाराष्ट्रातील शेतकरी व मजूर यांच्या शिदोरीसही लागू पडतात. शिदोरी म्हणजे घराबाहेर पडताना फडक्यात बांधून घेतलेले तयार अन्न. मराठवाड्यात ती प्रायः ज्वारीची भाकरी व तिच्यासोबतचे कोरड्यास यांची असते. सँडविचला नाव, जन्मकथा व न्यायालयीन व्याख्याही लाभली. भाकरीवर ठेचा घेऊन खाल्ल्या जाणाऱ्या अन्नास तसे स्वतंत्र नाव मिळाले नाही. या दोहोंचा इतिहास एकत्र पाहिल्यास कोणते अन्न गावचे व कोणते परके, यांविषयीचे रूढ समज पुष्कळसे तपासून घ्यावे लागतात. ज्वारीचा प्रदेश, निजामी राजवट, लष्करी छावणी, रेल्वे आणि दुष्काळ या सर्वांचा अनुभव घेतलेला हिंगोली जिल्हा हे या दृष्टीने एक चांगले उदाहरण आहे.

नाव व दंतकथा : इंग्लंडमधील केंट परगण्यात सँडविच नावाचे जुने बंदर आहे. या नावाचा अर्थ ‘वाळूवरील व्यापारी वस्ती’ असा असून त्याचा पाव वा मांस यांच्याशी काहीही संबंध नाही. या गावावरून माँटग्यू घराण्यास १६६० मध्ये ‘अर्ल ऑफ सँडविच’ हा किताब मिळाला. खाद्यपदार्थाचे नाव याच घराण्यातील चौथा अर्ल जॉन माँटग्यू (१७१८–९२) याच्यावरून पडले. जुगार खेळताना पट सोडून उठावे लागू नये म्हणून तो पावाच्या दोन तुकड्यांत मांस घालून मागवीत असे, ही कथा सर्वत्र प्रसिद्ध आहे. तिचा उगम प्येर-झां ग्रॉस्ली या फ्रेंच प्रवाशाने १७७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या लंडनविषयक ग्रंथात आढळतो. माँटग्यू हा तीन वेळा ब्रिटिश नौदल खात्याचा प्रमुख होता. त्यामुळे तो खेळाच्या पटापेक्षा कचेरीतील मेजावरच असे खाणे उरकीत असावा, असे त्याच्या आधुनिक चरित्रकाराचे मत आहे. या पदार्थाचा नामनिर्देश मात्र ग्रॉस्लीच्या ग्रंथाहून जुना आहे. इतिहासकार एडवर्ड गिबन याच्या २४ नोव्हेंबर १७६२ च्या रोजनिशीत लंडनच्या एका क्लबात प्रतिष्ठित मंडळी सँडविच खात असल्याची नोंद आहे. कॅप्टन जेम्स कुक याने १७७८ मध्ये हवाई बेटांना याच अर्लच्या सन्मानार्थ ‘सँडविच बेटे’ असे नाव दिले होते. बेटांचे ते नाव पुढे मागे पडले. खाद्यपदार्थाचे मात्र टिकले.

अर्लच्या पूर्वीही अशी खाण्याची रीत अनेक ठिकाणी होती. ज्यू परंपरेनुसार इ. स. पू. पहिल्या शतकातील धर्मपंडित हिलेल हा वल्हांडण सणाच्या वेळी कोकराचे मांस व कडू पाला बिनखमिराच्या रोटीत घालून एकत्र खात असे. मध्ययुगीन यूरोपात शिळ्या पावाच्या जाड चकत्या ताटाऐवजी वापरीत. जेवणानंतर रसाने भिजलेली ही चकती स्वतः खात किंवा गरिबांना व कुत्र्यांना देत. इंग्लंडमधील शेतमजूरही पाव व चीज फडक्यात बांधून शेतावर नेत असत. रीत जुनी असली, तरी ती उमरावाच्या मेजावर पोहोचेपर्यंत तिचे नामकरण झाले नाही.

प्रसार : अठराव्या शतकात उच्चभ्रूंच्या रात्रीच्या खाण्यात असलेले सँडविच एकोणिसाव्या शतकात कारखाने, रेल्वेस्थानके व कचेऱ्या यांच्या वाढीबरोबर सर्वसामान्यांत पसरले. अमेरिकेत एलायझा लेस्ली या लेखिकेच्या १८३७ मधील पाकशास्त्रविषयक पुस्तकात हॅम सँडविचची कृती आढळते. ऑटो रोवेडर याने तयार केलेल्या यंत्रावर कापलेला पाव ७ जुलै १९२८ रोजी मिसूरी राज्यातील चिलिकॉथी येथे प्रथम विक्रीस आला. त्यामुळे सर्व चकत्या सारख्या जाडीच्या मिळू लागल्या आणि घरोघरी सँडविच करणे सोपे झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या शासनाने १८ जानेवारी १९४३ पासून कापलेल्या पावाच्या विक्रीवर बंदी घातली होती. परंतु लोकांच्या नाराजीमुळे ८ मार्च रोजी ती उठवावी लागली. २३ मार्च १९६५ रोजी जेमिनी-३ या अवकाशयानात जॉन यंग या अंतराळवीराने खारवलेल्या गोमांसाचे सँडविच खिशातून गुपचूप नेले. त्याचे कण यानात तरंगू लागल्याने ते लगेच आवरते घ्यावे लागले, आणि पुढे अमेरिकेच्या संसदेतही या प्रकाराची चर्चा झाली.

सँडविच कशास म्हणावे, हा प्रश्न न्यायालयांपुढेही आला आहे. मॅसॅचूसेट्स राज्यातील वुस्टर येथील न्यायालयाने २००६ मध्ये एका भाडेकराराच्या वादात, मक्याच्या वा गव्हाच्या एकाच पातळ रोटीत गुंडाळलेला ‘बुरिटो’ हा मेक्सिकन पदार्थ सँडविच ठरत नाही, असा निर्णय दिला. कारण सँडविचला पावाच्या दोन चकत्या आवश्यक आहेत. आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका साखळी उपाहारगृहाच्या सँडविचचा पाव करआकारणीच्या दृष्टीने ‘पाव’ नाही असे ठरविले. तेथील कायद्याप्रमाणे पिठाच्या वजनाच्या २ टक्क्यांहून अधिक साखर असू नये. प्रत्यक्षात ती सु. १० टक्के होती. पहिली व्याख्या लावल्यास भाकरी व ठेचा यांना सँडविच म्हणता येणार नाही.

धान्याचा भेद : भाकरी दुपदरी पावाऐवजी एकपदरी का राहिली, याचे कारण ज्वारीच्या पिठात आहे. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले असता त्यातील प्रथिनांपासून ‘ग्लुटेन’ हे चिवट व लवचिक जाळे बनते. किण्वनाने निर्माण होणारा वायू या जाळ्यात कोंडला जातो व पाव फुगतो, हलका होतो आणि त्याच्या चकत्या करता येतात. ज्वारीच्या पिठात असे जाळे तयार होत नाही. म्हणून ते गरम पाण्यात मळतात. उष्णतेने त्यातील स्टार्च काहीसा शिजून पिठास बांधणी येते. भाकरी लाटण्याऐवजी परातीत थापली जाते. तव्यावर टाकल्यावर तिच्या वरच्या बाजूस पाणी फिरवितात, मग उलटून शेवटी विस्तवावर शेकतात. आतील पाण्याची वाफ होऊन भाकरी फुगते आणि तिचा वरचा पातळ थर सुटा होतो. यास ‘पापुद्रा’ म्हणतात. पापुद्रा उचलून आत तेल-तिखट, चटणी किंवा लोणी घालून मुलांच्या हाती देण्याची जुनी रीत आहे. म्हणजे पावाच्या दोन चकत्या सुरीने करतात, तर भाकरीचे दोन पदर वाफेने होतात. [⟶ ज्वारी].

हिंगोली जिल्ह्यातील शिदोरी : हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्यात हिंगोली, सेनगाव, कळमनुरी, वसमत व औंढा नागनाथ हे पाच तालुके आहेत. पूर्णा, पैनगंगा व कयाधू या येथील प्रमुख नद्या होत. काळ्या कसदार जमिनीमुळे ज्वारी हे येथील परंपरागत मुख्य अन्नधान्य होते. शेतावर जाणाऱ्याची शिदोरी म्हणजे दोन-तीन भाकऱ्या, त्यांवर ठेचा किंवा जवस, कारळे वा शेंगदाणे यांची चटणी, घट्ट पिठले आणि बुक्कीने फोडलेला कांदा. भाकरी हेच ताट आणि तिचा मोडलेला तुकडा हाच चमचा असतो. प्रवासासाठी ज्वारीच्या पिठात इतर पिठे, तिखट व तीळ घालून केलेले धपाटे नेतात. त्यांत चव आतच असल्याने वेगळे कोरड्यास लागत नाही व ते अधिक काळ टिकतात.

कयाधू नदीकाठचे नरसी हे परंपरेने संत नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान मानले जाते. नामदेवांची एक कथा महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. कुत्र्याने भाकरी पळविली, तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले आणि कोरडी भाकरी खाऊ नये म्हणून विनवू लागले. प्राणिमात्रात ईश्वर पाहणे हा कथेचा आशय असला, तरी कोरडी भाकरी हे अपुरे अन्न होय, तिला काहीतरी लावावयास हवे, ही सामान्य घरातील जाणीवही तीत आहे. ‘तोंडी लावणे’ हा वाक्प्रचार याच जाणिवेतून आलेला आहे. भाकरीला काही तोंडी लावण्यास असणे वा नसणे हे ग्रामीण भागात दीर्घकाळ सुस्थितीचे व दारिद्र्याचे माप होते.

नामदेवांच्या काळी मात्र आजची शिदोरी शक्य नव्हती. मिरची व शेंगदाणा ही दोन्ही मूळची अमेरिका खंडातील पिके असून, वास्को द गामा १४९८ मध्ये भारतात आल्यानंतरच्या काळात पोर्तुगीज व्यापाराबरोबर ती येथे पोहोचली. त्यापूर्वी तिखटपणासाठी मिरे, पिंपळी व आले यांचा वापर होई. ज्वारीचे मूळही आफ्रिकेत असून ती इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकात भारतीय उपखंडात रुजली. अर्थात ठेचा-भाकरी या अस्सल गावरान मानल्या जाणाऱ्या जेवणातील धान्य आफ्रिकेचे व तिखट अमेरिकेचे आहे. जे अन्न येथील जमिनीत पिकू लागले आणि येथील हातांनी घडू लागले, ते लोकांनी आपले मानले. त्याच्या मूळ स्थानाचा प्रश्न त्यांनी कधी विचारला नाही.

पावाचा प्रवेश : महाराष्ट्रात पाव दोन दिशांनी आला. पश्चिमेकडून तो गोव्यातून आला. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा जिंकले. यूरोपीय खमीर सहजी मिळत नसल्याने तेथे माडाच्या सुरेने पीठ आंबवून पाव भाजू लागले. गोव्यात पाव भाजणाऱ्यास ‘पोदेर’ म्हणतात. तो शब्दही पोर्तुगीज भाषेतील आहे. मसालेदार गोवन सॉसेज पावात घालून केलेला ‘चौरीस पाव’ हा तेथील सँडविचचाच प्रकार होय. ‘पाव’ हा मराठी शब्द पोर्तुगीज ‘पांव’ या शब्दावरून आला. पीठ पायांनी तुडवीत म्हणून पाव, किंवा चार जोडलेल्या तुकड्यांपैकी एक म्हणजे पाव हिस्सा म्हणून पाव, या दोन्ही व्युत्पत्ती लोकप्रिय असल्या तरी काल्पनिक आहेत. परंतु पहिल्या व्युत्पत्तीमागे एक सामाजिक शंका दडलेली होती. पाव परधर्मीयांच्या भट्टीत भाजला जाई आणि तो आंबविलेला असे. म्हणून अनेक सनातनी कुटुंबांत एकोणिसाव्या शतकात तो निषिद्ध होता. पाव-बिस्किटे खाणे हे तेव्हा सुधारकपणाचे लक्षण समजले जाई.

पूर्वेकडून पाव हैदराबाद संस्थानातून आला. दख्खनी बोलीत त्यास ‘डबल रोटी’ म्हणतात. ‘डबल का मीठा’ या हैदराबादी पक्वान्नाचे नाव त्यावरूनच पडले. हिंगोली १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होती. तेथे ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालील ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेची छावणी विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत होती. पुढे पूर्णा जंक्शनपासून हिंगोलीपर्यंत मीटरमापी लोहमार्ग झाला. छावणी व रेल्वे ही दख्खनमध्ये भट्टीचा पाव पसरण्याची दोन मुख्य साधने होत. तथापि खेड्यातील नित्याच्या जेवणात त्यास स्थान मिळाले नाही. मराठवाड्यात पाव दीर्घकाळ चहात बुडवून खाण्याचा, आजाऱ्यास देण्याचा किंवा बाजाराच्या दिवशीचा जिन्नस राहिला. तो घरी करता येत नव्हता. त्यासाठी भट्टी, गव्हाचा मैदा आणि रोख पैसे लागत. शिदोरी ही घरातील कोठारावर अवलंबून होती, पाव मजुरीवर.

वडापाव व मुंबईचे सँडविच : रोख मजुरी व घड्याळाने बांधलेले काम यांचे केंद्र मुंबई होते. तेथील गिरण्यांत मराठवाड्यासह महाराष्ट्राच्या अनेक भागांतून कामगार आले. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर बटाटेवडा पावात घालून विकण्यास आरंभ झाला. त्याचे श्रेय सामान्यतः अशोक वैद्य यांना दिले जाते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर बेकार झालेल्या अनेक कामगारांनी वडापावच्या गाड्या टाकल्या. अशा रीतीने पाळीवर जाणाऱ्या कामगाराचे खाणे हे काम गमावलेल्या कामगाराच्या उपजीविकेचे साधन झाले. वडापावमधील पाव व बटाटा ही दोन्ही नावे पोर्तुगीज असून बटाटा आणि मिरची ही पिके अमेरिकेची आहेत. तरीही तो आज मराठी अस्मितेचे प्रतीक मानला जातो.

मुंबईचे शाकाहारी सँडविच हा याच शहरातील दुसरा प्रकार. पांढऱ्या पावाच्या लोणी लावलेल्या चकत्यांत कोथिंबीर-मिरचीची हिरवी चटणी, उकडलेला बटाटा, बीट, काकडी, टोमॅटो व कांदा घालतात आणि लांब दांड्याच्या चिमट्यात दाबून शेगडीवर भाजतात. कच्छमधील मांडवी येथील ‘दाबेली’ हाही पावात मसालेदार बटाटा भरून केलेला पदार्थ असून तो महाराष्ट्रभर रूढ झाला आहे. वडापाव, दाबेली व सँडविच यांच्या गाड्या पुढे मराठवाड्यातील बसस्थानके व महाविद्यालये यांच्या परिसरातही दिसू लागल्या.

दुष्काळ आणि धान्यबदल : मराठवाड्याच्या आहारात मोठा पालट घडविण्यास १९७०–७३ चा दुष्काळही कारणीभूत झाला. त्या वेळी आजचा हिंगोली जिल्हा परभणी जिल्ह्याचा भाग होता. खडी फोडणे, रस्ते व पाझर तलाव यांच्या दुष्काळी कामांवर मे १९७३ मध्ये राज्यात जवळजवळ ५० लक्ष मजूर होते. घरातील ज्वारी संपल्याने अमेरिकेतून आयात केलेली ‘मिलो’ ही तांबडी ज्वारी शिधावाटप दुकानांतून दिली गेली. तिच्या भाकरीची चव व रंग लोकांना आवडला नाही आणि ती आठवण त्या पिढीत टिकून राहिली. कामांवर ‘सुकडी’ हे कोरडे पौष्टिक खाद्य वाटले जाई. शिदोरी घरून आणण्याऐवजी ती कामावर मिळण्याचा हा ग्रामीण महाराष्ट्रातील सर्वांत व्यापक प्रसंग होय. या अनुभवातूनच रोजगार हमी योजनेचे रूप निश्चित झाले आणि तिच्या कायद्याची अंमलबजावणी २६ जानेवारी १९७९ पासून सुरू झाली.

यानंतर ज्वारीची पीछेहाट दोन बाजूंनी झाली. शिधावाटप व्यवस्थेतून प्रामुख्याने गहू व तांदूळ मिळू लागले. खरीप हंगामात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. हिंगोली जिल्ह्यात ते आज खरिपाचे प्रमुख पीक आहे. सोयाबीनमुळे शेतकऱ्याच्या हाती रोख रक्कम आली, परंतु ज्वारीबरोबर मिळणारा कडबा आणि घरचे धान्य कमी झाले. शिदोरीत भाकरीऐवजी गव्हाची पोळी अधिक दिसू लागली. भाकरी थापणे हे श्रमाचे व कसबाचे काम असून ते पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांवरच पडत आले आहे. पहाटे उठून भाकऱ्या थापणारी स्त्री स्वतःही शेतावर मजुरीस जात असे. त्यामुळे पोळी वा पाव यांच्या स्वीकाराकडे केवळ परंपरेचा ऱ्हास म्हणून पाहणे एकांगी ठरते.

राज्य शासनाने १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे सुरू केली. भाकरीला वडापावाप्रमाणे शहरी झटपट अन्नाचे स्थान देण्याचा तो प्रयत्न होता. पुढे ही योजना बंद पडली. भाकरी गरम व ताजी थापावी लागते, तर पाव भट्टीतून एकदाच मोठ्या संख्येने येतो, ही व्यावहारिक अडचण भाकरी विकणाऱ्या प्रत्येकास भेडसावते. सँडविच जगभर पसरले ते अर्लच्या नावामुळे नव्हे, तर पाव दुसऱ्याने आधीच भाजून ठेवता येतो म्हणून, हे यावरून ध्यानात येते.

अलीकडे भरडधान्यांच्या पौष्टिकतेकडे पुन्हा लक्ष वेधले आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. ग्लुटेनचा अभाव हा पाव करण्याच्या दृष्टीने ज्वारीचा दोष होता. ग्लुटेन न सोसणाऱ्या रुग्णांच्या दृष्टीने तोच तिचा गुण ठरला आहे. जालना जिल्ह्यातील दगडी ज्वारीस व हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीस २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बटाटेवड्यास पिवळा रंग देणारी हळद आणि शेतावरच्या पिठल्यातील हळद एकच असते. पाव व भाकरी या दोन्ही परंपरा अशा रीतीने हिंगोलीच्या पिकाशी जोडलेल्या आहेत. मात्र शिदोरीचे मूळ धान्य असलेल्या ज्वारीचे येथील क्षेत्र पूर्वीइतके राहिलेले नाही.